वेठ आणि वाटा

परदेशातून येऊन स्थायिक होऊ पाहणाऱ्या माणसाने नागरिकत्व मिळण्याआधी समाजासाठी काही तास फुकट काम करावं, ही कल्पना ब्रिटनमध्ये दर काही वर्षांनी डोकं वर काढते. फेब्रुवारी २००७मध्ये अर्थमंत्री असलेल्या गॉर्डन ब्राऊन यांनी ती मांडली, २००९मध्ये तिचा कायदा झाला, २०१०मध्ये ती गुंडाळली गेली आणि सप्टेंबर २०२५मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी कायम वास्तव्याच्या अटींच्या यादीत ती पुन्हा आणली. कोकणाला हा विषय परका नाही. इथल्या खाडीकाठच्या गावांतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेत, आखातात, इंग्लंडात गेली. आज त्याच गावांच्या आंब्याच्या बागा नेपाळी राखतात आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या नौकांवर नेपाळी खलाशी जाळी ओढतात. म्हणजे या वादाच्या दोन्ही बाजू आपल्या एकाच पडवीत बसलेल्या. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, इथे हा वाद फार ढिसाळपणे घातला जातो. पुतण्याला इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये ‘आधी समाजकार्य कर, मग बघू’ म्हटलं की तो अपमान. बागेतल्या नेपाळ्याने गावात घर करायचं म्हटलं की ‘त्याने आधी गावासाठी राबून दाखवावं’ ही मात्र शिस्त. आणि विरोधक ‘हा वंशवाद आहे’ एवढं एक वाक्य टाकून मोकळे होतात. त्याने कोणाचं मत बदलत नाही, कारण ही अट सुचवणारे सगळेच काही द्वेषाने बोलत नसतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नव्याने आलेल्या माणसाला गावाच्या, शहराच्या कामात ओढून घेणं चांगलंच, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. पण तेच काम नागरिकत्वाची पूर्वअट केलं की त्याची वेठ होते. श्रमाने आपलेपणा येतो हे खरं. पण तो येतो तो आधी वाटा मिळालेल्या माणसाच्या श्रमाने. हा क्रम उलटा केला की श्रम तेवढे उरतात.

या अटीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद कुठल्या ब्रिटिश मंत्र्याच्या भाषणात नाही, तो पेण-अलिबागच्या खारजमिनीत आहे. तिथलं भातशेत खाडीच्या भरतीच्या पातळीखाली असतं आणि त्याला वाचवतो तो मातीचा बांध, बाहेरकाठा. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असते. तिचं दार ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला बाहेरच्या खाऱ्या पाण्याच्या दाबाने मिटतं. बांधाचा शत्रू म्हणजे खेकडा. त्याने पोखरलेल्या बिळातून भरतीला करंगळीएवढी धार आत येऊ लागते. ती वेळीच बुजवली नाही तर उधाणाच्या दोन-चार भरत्यांत तिथे खांड, म्हणजे मोठं भगदाड, जाते. खांड बांधायची तर भांगाचे दिवस गाठावे लागतात, कारण तेव्हा भरती अंगाने लहान असते. मेढी ठोकायच्या, त्यांच्यात पेंढा आणि फांद्या गुंतवायच्या, खाडीच्या चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत यायचं. शेवटची फट दोन भरत्यांच्या मधल्या पाच-सहा तासांत बंद झालीच पाहिजे; नाहीतर तिथून घुसणारं पाणी तळच उकरून नेतं आणि सकाळची सगळी मेहनत वाहून जाते. चिखल फार ओला असेल तर बसतो, फार सुकलेला असेल तर तडकतो. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. घरटी माणूस द्यावा लागतो, आणि असं काम वर्षानुवर्षं एकत्र केलेली माणसं एकमेकांना जेवढी ओळखतात तेवढी शंभर सभांनी ओळखत नाहीत.

तेव्हा अट घालणारा जेव्हा म्हणतो की चिखलात एकत्र उतरल्याने जे होतं ते परीक्षेच्या पेपराने होत नाही, तेव्हा त्याचं म्हणणं मान्य करावंच लागतं. ब्रिटनची नागरिकत्वाची परीक्षा म्हणजे ४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर आले की उत्तीर्ण. पाठांतर करून पास होणाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत असेलच असं नाही. त्यापेक्षा वृद्धाश्रमात दर शनिवारी भाजी चिरणारा माणूस भाषाही शिकतो आणि माणसंही. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेतला गाळ उपसायला जिल्ह्याबाहेरून माणसं आली, तेव्हा कोण कुठला हे विचारायला कोणाला सवड नव्हती. श्रमाची ही ताकद नाकारून या अटीला विरोध करणं हा आळशी विरोध आहे.

पण खारबांधाकडेच पुन्हा एकदा नीट बघू. घरटी माणूस कोणाकडून मागितला जातो? ज्याचं शेत त्या बांधाच्या आत आहे त्याच्याकडून. ‘तू आधी पाच वर्षं बांधावर माती टाक, मग तुला आत शेत द्यायचं की नाही ते आम्ही ठरवू’ असं तिथे कोणी म्हणत नाही. भिजणार ते आपलं भात, हे माहीत असलेला माणूस रात्री कंदील घेऊन बांधावर फिरतो. ज्याचं आत काहीच नाही त्याला उभं केलं तर तो सांगितलेल्या तासांपुरती माती टाकेल, पण खेकड्याचं बीळ त्याच्या नजरेला पडणार नाही. पडलं तरी तो कशाला बोलेल? याच व्यवस्थेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. १९४८च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९च्या खारजमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी क्रमाक्रमाने सरकारी यंत्रणेकडे गेली. बांध सरकारचा झाल्यावर गावाचा हात सैल पडला आणि फुटलेल्या बाहेरकाठ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कचेरीत फिरू लागल्या. त्याच गावची, त्याच रक्ताची माणसं. फक्त ‘हे आमचं’ ही भावना गेली आणि श्रम आटले. भावना आधी, श्रम मागून, हा क्रम इतका स्पष्ट दिसत असताना आपण परक्या माणसाकडून उलट्या क्रमाची अपेक्षा का करतो?

उलट्या क्रमाचाही भरपूर अनुभव कोकणाला आहे. त्याचं नाव खोती. जमीन कसायची तर खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, मर्जीने, आणि ती मर्जी टिकवायची तर मक्ता म्हणजे खंड तर द्यायचाच, वर वेठही करायची. खोताच्या शेतावर फुकट नांगर धरायचा, त्याचं ओझं वाहायचं, त्याच्या घरच्या कार्यात राबायचं. दोन पिढ्या राबल्या म्हणून कुळाचा हक्क वाढला असं झालं नाही. उलट ‘तुझा बाप करत होता’ हाच पुढच्या पिढीच्या वेठीचा आधार झाला. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून सहा वर्षं संप करून जमिनी ओसाड ठेवल्या. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातून आलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. कायद्याने खोती जायला १९४९ उजाडलं. या सगळ्या झगड्यात कष्टाचा तिटकारा कुठेच नव्हता. हीच माणसं खारबांधावर छातीएवढ्या चिखलात हसत उतरत होती. त्यांचा विरोध होता तो ज्याच्या हाती हक्क देणं-न देणं आहे त्याच्यासाठी फुकट राबण्याला. वेठ आणि श्रमदान यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो मूलभूत आहे.

‘पण खोत खासगी होता, इथे तर समाजासाठी काम आहे,’ असं यावर म्हटलं जाईल. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून कायद्याकडे वळतो. आपल्या संविधानाच्या २३व्या कलमाने बिगार आणि सक्तीचे श्रम यांवर बंदी घातली आणि ते संरक्षण फक्त नागरिकांना नाही, प्रत्येक व्यक्तीला दिलं. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा आहे, मात्र केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे संविधान राज्याला ‘सगळे या’ म्हणू देतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३०च्या सक्तीच्या श्रमांविषयीच्या कराराचा रोखही तोच. भारताने तो १९५४मध्ये मान्य केला. त्यात गावकीच्या किरकोळ सामूहिक कामांना सूट आहे. पण ती कामं त्या समाजाच्या घटकांनी स्वतःच्या थेट हितासाठी केलेली असावीत आणि त्यांची गरज आहे का, यावर त्यांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना मत देण्याचा हक्क असावा, अशी अट आहे. नागरी कर्तव्यांनाही सूट आहे, ती स्वयंशासित देशाच्या नागरिकांच्या बाबतीत. ज्याला अजून मत नाही, ज्याचा प्रतिनिधी नाही, तो या दोन्ही सुटींच्या बाहेर उभा राहतो. पेणचा खारबांध या चौकटीत चपखल बसतो, आणि नागरिकत्वाआधीची सक्तीची सेवा बसवायची म्हटली तर अंग चोरून बसवावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा म्हणून आली. दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन केलं, पाच हजारांच्या आतला माल पहिल्यांदाच चोरला आणि परत केला, अशा मोजक्या किरकोळ गुन्ह्यांना ती देता येते. त्याबरोबरच्या नागरिक सुरक्षा संहितेने तिची व्याख्या केली: न्यायालयाने दोषी माणसाला शिक्षा म्हणून सांगितलेलं, समाजाच्या उपयोगाचं आणि ज्याचा मोबदला मिळणार नाही असं काम. ब्रिटनमध्ये ही शिक्षा १९७०च्या दशकापासून आहे. आता कल्पना करा, एकाच बस स्टँडवर दोघे झाडू मारताहेत. एक काल रात्री दारू पिऊन धिंगाणा घालणारा, दुसरा बारा वर्षं इमानाने कर भरून नागरिकत्वासाठी अर्ज केलेला. काम एक, झाडू एक, मोबदला दोघांनाही शून्य. पाहणाऱ्याला फरक कसा कळावा? आणि करणाऱ्याला तरी कसा कळावा?

सक्तीच्या लष्करी सेवेचा दाखला इथे हमखास येतो: स्वित्झर्लंडमध्ये करावी लागते, दक्षिण कोरियात करावी लागते, मग थोडं समाजकार्य काय जड आहे? पण ती सेवा तिथल्या नागरिकावर आहे, आणि नागरिक आहे म्हणूनच आहे. हा दाखला अट घालणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही, तो त्यांच्यावरच उलटतो. उद्या एखाद्या देशाने प्रत्येक प्रौढाला, आमदाराच्या मुलापासून हॉटेलात कप विसळणाऱ्यापर्यंत, वर्षाला वीस तास सार्वजनिक काम सक्तीचं केलं आणि त्यात नव्याने आलेल्यांनाही धरलं, तर माझी तक्रार नाही. पण तसा प्रस्ताव कोणीच आणत नाही, कारण तो आणणारा पुढची निवडणूक हरेल हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला मत नाही त्याच्यावरच अट घालणं सोपं जातं.

तत्त्वाचं पुरे, आता व्यवहार बघू, कारण अशा योजना तत्त्वापेक्षा रजिस्टरवर जास्त मरतात. समजा शंभर तासांची अट आहे. मिरकरवाड्याच्या खलाशाने ती कधी पुरी करायची? मोसम १ ऑगस्टला सुरू होतो आणि मे अखेरीला संपतो. नौका काही दिवस समुद्रात. बंदराला लागली की मासळी उतरवायची, बर्फ आणि डिझेल भरायचं, फाटलेली जाळी सांधायची, आणि तांडेलाने हाक दिली की पुन्हा बाहेर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तो नेपाळात आपल्या घरी. आंब्याच्या राखणदाराचं गणित वेगळं, पण फुरसत तितकीच. मोहर फुटल्यापासून फवारणी, मग दिवसा वानरं आणि रात्री चोर, मग घळीने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, एकेक फळ देठासकट उतरवणं, ते थेट पाऊस तोंडावर येईपर्यंत. याउलट ज्याच्या घरी नोकर आहेत किंवा जो स्वतः काही न करता जोडीदाराच्या पगारावर राहतो, त्याचे शंभर तास तीन महिन्यांत सहज भरतात. म्हणजे समाजाला ज्याच्या घामाचा सर्वांत जास्त उपयोग आहे तो या चाळणीतून खाली पडतो आणि मोकळा वेळ असलेला वर राहतो.

आणि तास भरले, हे सांगणार कोण? आपल्याला या प्रश्नाचं उत्तर राष्ट्रीय सेवा योजनेने कधीच देऊन ठेवलंय. दोन वर्षांत २४० तास, वर्षाला १२०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. त्यावर मुंबई विद्यापीठात वाढीव दहा गुण. या योजनेतून उत्तम कार्यकर्ते घडले हे नाकारायचं कारण नाही. पण मार्च महिन्यात एका बैठकीत, एकाच पेनाने, वर्षभराच्या तासांच्या वह्या भरल्या जातात हेही कॉलेजात गेलेल्या कोणालाही विचारा. तिथे पणाला दहा गुण असतात. रोजगार हमीच्या हजेरीचं तर काय सांगावं! मस्टरवरच्या खोट्या नावांना आळा घालायला मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो काढायची पद्धत २०२३पासून सक्तीची झाली, तर लोक फोटोचाच फोटो काढून चढवू लागले, आणि शेवटी केंद्रालाच त्याबद्दल परिपत्रक काढावं लागलं. जिथे पणाला नागरिकत्व असेल तिथे त्या सहीची किंमत किती होईल? ज्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या हाती ते प्रमाणपत्र असेल, त्याने शंभरऐवजी दीडशे तास करून घेतले, घरची भांडी घासून घेतली, एखाद्या बाईला त्याहून वाईट काही सुचवलं, तर अर्जदार तक्रार कोणाकडे करणार? तक्रार केली की सही गेली. खोती मोडल्यावर पंचाहत्तर वर्षांनी आपण शिक्क्यासकट नवा खोत नेमतोय, एवढाच याचा अर्थ.

ब्रिटनचा २००९चा कायदा याच जागी अडला. त्यात अट थेट सक्तीची नव्हती. समाजकार्य केलं तर नागरिकत्वापर्यंतचा प्रवास सहा वर्षांचा, न केलं तर आठ. दोन वर्षांची ही सूट मोजायची कशी, पडताळायची कोणी, कुठलं काम धरायचं आणि कुठलं नाही, आजारी माणसाचं, तान्ह्या मुलाच्या आईचं काय, या प्रश्नांची यंत्रणा उभी राहण्याआधीच सरकार बदललं आणि नोव्हेंबर २०१०मध्ये नव्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी योजना रद्द केली. ज्या सरकारने ती रद्द केली ते काही परदेशी लोकांचं कैवारी नव्हतं, हे ध्यानात घ्यावं. जर्मनीने २०२४मध्ये याचाच सौम्य प्रकार केला: सर्वांसाठी पाच वर्षं, आणि भाषा उत्तम येत असून शिक्षण, नोकरी किंवा स्वयंसेवेत विशेष कामगिरी असेल तर तीन. ऑक्टोबर २०२५मध्ये ती तीन वर्षांची वाट बंद झाली. दोन्हीकडे कारणं वेगळी होती, पण दोन्हीकडे सवलत आली तशी पुढच्या सरकारबरोबर गेली. तिच्या भरवशावर शनिवार-रविवार घालवलेल्या माणसाच्या हाती काय राहिलं?

हा प्रश्न कोकणाने दीडशे वर्षांपूर्वीही विचारलेला आहे, मॉरिशसमध्ये. १८३४पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने, म्हणजे मजुरीच्या बांधील कराराने, माणसं नेली गेली. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेली रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. पाच वर्षांचा करार. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही तिथली कुप्रसिद्ध ‘डबल कट’. करार संपला की माणूस मोकळा, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात १८६७च्या कायद्याने या ‘जुन्या’ मजुरांवर फोटो लावलेला परवाना जवळ बाळगायची सक्ती झाली. तो नसला की भटक्या म्हणून अटक. १८७१मध्ये अडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने त्यांच्या बाजूने अर्ज लिहिला आणि त्यावर ९४०१ जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे केले. चौकशीसाठी १८७२मध्ये शाही आयोग नेमावा लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या नातालमध्येही तेच: १८९५मध्ये करार संपवून राहू पाहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर, तो रद्द व्हायला १९१३चा सत्याग्रह आणि १९१४ उजाडावं लागलं. ‘आधी राबून दाखवा’ म्हणणाऱ्याला राबणं कधीच पुरेसं वाटत नाही. मॉरिशसमध्ये या माणसांचे वंशज देशाचे खरे वाटेकरी झाले ते मत मिळाल्यावर, १९४८च्या निवडणुकीपासून, जेव्हा वसाहतीत बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत लिहिता-वाचता येणं मतदानासाठी पुरेसं ठरलं. शाळा, सहकारी संस्था, बैठका यांत त्यांनी नंतर जे श्रम ओतले त्यासाठी त्यांना कोणी तासांची वही दिली नव्हती.

एक युक्तिवाद मात्र मला खरोखर अडवतो. तो असा: ज्याला भाषेचा पेपर जमत नाही, ज्याचं उत्पन्न कमी आहे, त्याच्याकडे देण्यासारखं अंगमेहनतीशिवाय काय आहे? त्याला ती वाट तरी ठेवा. यात करुणा आहे, ढोंग नाही. पण १९८३च्या राजस्थान दुष्काळी कामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हीच करुणा उभी होती. सरकार म्हणत होतं, आम्ही दुष्काळग्रस्तांना मदत म्हणून काम देतोय, तेव्हा किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर बिघडलं कुठे? न्यायालयाने ते मानलं नाही. आदल्याच वर्षी एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी स्पष्ट केलं होतं की गरजेपोटी किमान वेतनापेक्षा कमी दरात राबणं हेही २३व्या कलमातलं सक्तीचं श्रम आहे. पाठीमागे चाबूक असावाच लागतो असं नाही. गरिबाला वाट द्यायचीच तर भाषेची अट सोपी करा, फी कमी करा, आणि त्याने पगार घेऊन जे काम केलंय तेच मोजा. बर्फ फोडणं, जाळं ओढणं, रात्रपाळीत रुग्णाची चादर बदलणं ही समाजसेवा नाही आणि उद्यानातल्या बाकाला रंग देणं ही आहे, हे कोणी ठरवलं?

आपला स्वतःचा कायदा या बाबतीत आहे तसा बरा आहे, असं म्हणायला हरकत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्याच्या मागच्या चौदा वर्षांतली मिळून अकरा वर्षं भारतात वास्तव्य, चांगली वर्तणूक, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान आणि शेवटी निष्ठेची शपथ. कर्तव्याचा उल्लेख येतो तो शपथेत, म्हणजे दार उघडल्यावर. विज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती अशा क्षेत्रांत विशेष सेवा केलेल्या माणसाला सगळ्या अटी माफ करायची तरतूदही आहे. सेवा तिथे आहे, पण सन्मान म्हणून. गंमत अशी की नेपाळी भाषा १९९२पासून आठव्या अनुसूचीत आहे, तेव्हा आपल्या बागेतल्या राखणदाराची भाषेची परीक्षा जन्मतःच पास झालेली. त्याची खरी अडचण बारा महिन्यांची आहे. विशेष कारण असेल तर सरकार त्यात जास्तीत जास्त ३० दिवसांचा खंड माफ करू शकतं, आणि मासेमारीबंदीत खलाशी घरी जातो तो दोन महिने. अर्थात १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे राहायला, कमवायला त्याला नागरिकत्व लागत नाही, आणि बहुतेकांना ते नकोही असतं. त्याला हवा असतो वेळेवर हिशेब, समुद्रात काही झालं तर विमा, आणि मुलाला शाळेत घेताना कागदांवरून न अडवणारा मुख्याध्यापक.

मग काहीच करू नये का? करावं, आणि त्याचा नमुना आपल्याकडे दर वर्षी पाऊस ओसरल्यावर तयार असतो. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, पण जांभा पाणी धरत नाही आणि एप्रिलात विहिरी तळाला जातात. म्हणून ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरच्या दरम्यान पऱ्यावर, म्हणजे ओहोळावर, वनराई बंधारे घालतात. पाच-सहा मीटर रुंदीच्या पऱ्याला सिमेंटची दोनशेच्या आसपास रिकामी पोती लागतात. ती पाऊणच भरायची, गच्च भरलेलं पोतं एकमेकांत बसत नाही. तोंड सुतळीने शिवायचं, विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे, दोन रांगांच्या मध्ये चिकणमाती तुडवायची. नुसत्या वाळूची पोती रचली तर फोटो चांगला येतो, पाणी मात्र खालून निघून जातं. परतीचा पाऊस संपण्याआधी घाई केली तर एका रात्रीत सगळं वाहून जातं. वीस-पंचवीस माणसं असली तर सकाळचं काम, आणि वर चहा-भजी. या कामाला बोलावताना गावात नव्याने राहणाऱ्याला वगळू नये, आणि आला नाही तर त्याची नोंदही करू नये. त्याच्याही खोपटाशेजारची विहीर त्याच पऱ्यावर भरते, हे त्याला कोणी सांगायची गरज नाही.

फक्त एक अडचण उरते. नोव्हेंबरात मोहराची पहिली फवारणी सुरू होते आणि बागेतला माणूस स्वतःच्या मर्जीने अर्धा दिवस मोकळा होऊ शकत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीला या विषयावर पत्र लिहायचंच असेल, तर ते त्या नेपाळ्याच्या नावाने नको. बागायतदाराला लिहावं: सोमवारी सकाळी पऱ्यावर बंधारा आहे, तुमचा माणूस पाठवा, आणि त्या दिवसाची हजेरी कापू नका.